मोजणी चुकलेल्या पेशी आणि डॉ. कमल रणदिवे

लोंढ्याहून बेळगावच्या दिशेने निघालेली गाडी जंगल मागे टाकत गुंजीच्या छोट्या स्थानकात येते. खानापूर तालुक्यातले हे गाव दोन पिकांच्या प्रदेशांमध्ये वसलेले आहे. पश्चिमेकडे घाट उतरला की गोव्याच्या कुळागरांतील पोफळी लागतात. उत्तरेला बेळगाव ओलांडून पुढे गेले की निपाणीच्या रानातला तंबाखू लागतो. या दोन्ही पिकांची गाठ सीमाभागातल्या माणसाच्या चंचीत पडत आली. चंची आता मागे पडली असून तिची जागा दोरीला लोंबणाऱ्या चकाकत्या पुड्यांनी घेतली आहे; मात्र गालाच्या कोपऱ्यात तासन्‌तास दाबून धरलेला तोबरा तसाच आहे. सुपारी आणि तंबाखूचा हा तोबरा गालाच्या आतल्या पेशींचे नेमके काय करतो, हा प्रश्न ज्यांनी मुंबईच्या प्रयोगशाळेत नेऊन उंदरांवर आणि हॅम्स्टरांवर तपासला, त्या संशोधकांच्या अग्रभागी एक मराठी स्त्री होती. तिचे नाव डॉ. कमल जयसिंग रणदिवे.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलींच्या शिक्षणाविषयी ते आग्रही होते. कमल हुजूरपागेत शिकल्या, अभ्यासात पुढे राहिल्या आणि वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन फर्ग्युसनमधूनच विशेष प्राविण्यासह पदवीधर झाल्या. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टराशीच विवाह करावा अशी वडिलांची इच्छा होती. दोन्ही गोष्टी घडल्या नाहीत. १९३९ च्या मे महिन्यात त्यांचा विवाह जयसिंग रणदिवे या गणितज्ञाशी झाला आणि वैद्यकाच्या वाटेऐवजी त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयाची वाट धरली. डॉक्टर न होताही पुढचे सारे आयुष्य रुग्णालयाच्या सावलीत आणि रोगाच्याच शोधात जावे, हा वडिलांच्या इच्छेचा एका परीने विजय म्हणावा लागेल.

कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये त्यांनी एम. एस्सी. केले. विशेष अभ्यासाचा विषय होता सीताफळाच्या कुळाचे पेशी-आनुवंशशास्त्र. हा विषय त्यांच्या चरित्रांत एका ओळीत आटोपला जातो. त्याच्यापाशी जरा थांबायला हवे, कारण पुढे ज्या शास्त्रात त्या नावारूपाला आल्या त्याची पहिली अक्षरे त्यांनी इथेच गिरवली. त्या काळी वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास म्हणजे मुळाचे कोवळे टोक किंवा न उमललेल्या कळीतले पुंकेसर घ्यायचे, रसायनात थिजवायचे, रंगवायचे, काचेच्या पट्टीवर दाबून पसरायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली अशी पेशी शोधायची, जी नेमकी दुभंगण्याच्या बेतात आहे. त्या क्षणी पेशीकेंद्रातला गुंता सुटतो आणि गुणसूत्रे आखूड काड्यांसारखी वेगवेगळी दिसू लागतात. मग ती मोजायची. एक पेशी, दुसरी पेशी, दहावी पेशी. सीताफळात ती १४ भरतात, म्हणजे ७ जोड्या, रामफळातही तितकीच. मुळाच्या टोकाची पेशी असो वा पानाची, आकडा बदलत नाही. सजीवाच्या शरीरात इतकी काटेकोर दुसरी गोष्ट क्वचितच सापडेल.

त्या वेळी सीताफळाची गुणसूत्रे खात्रीने मोजता येत होती, पण माणसाची नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. मानवी पेशीत ४८ गुणसूत्रे असतात असे १९२० च्या दशकापासून पाठ्यपुस्तकांत छापले जात होते. खरा आकडा ४६ असल्याचे स्वीडनमधील ज्यो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी १९५६ मध्ये सिद्ध केले. म्हणजे कमलताईंनी कर्करोगाच्या संशोधनात पाऊल ठेवले तेव्हा निरोगी माणसाच्या पेशीचा हिशेबच मुळात दोनाने चुकलेला होता.

विवाहानंतर त्या मुंबईला आल्या आणि परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करू लागल्या. हे रुग्णालय फेब्रुवारी १९४१ मध्ये सुरू झाले होते आणि तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. गोमंतकीय कुटुंबात जन्मलेल्या, लंडनला शिकलेल्या या विकृतिशास्त्रज्ञाला भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जाते. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या तोंडाकडे खानोलकर शोधकाच्या नजरेने पाहत. १९४४ मध्ये त्यांनी मुखकर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. युरोप-अमेरिकेत तुलनेने विरळ असलेला हा रोग इथे इतका का आढळतो आणि तो गालात, जिभेवर की टाळूला होतो हे माणसाच्या सवयीवर कसे अवलंबून असते, हा त्यांच्या कुतूहलाचा गाभा होता. तंबाखू चघळणाऱ्याचा गाल आणि पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्याचे टाळू यांतला फरक त्यांना रोगाची किल्ली वाटत होता. देशी रोगाचे उत्तर देशी सवयींत शोधायचे, ही दृष्टी कमलताईंनी त्यांच्याकडून घेतली असे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते.

खानोलकरांच्याच मार्गदर्शनाखाली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. १९४९ मध्ये मिळवली. विषय होता उंदरांतील स्तनाचा कर्करोग. काही वाणांच्या उंदरांच्या माद्यांना हा रोग सर्रास होतो, काहींना सहसा होत नाही. अमेरिकेत जॉन बिट्नर यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले होते की रोगप्रवण आईच्या दुधातून पिलांकडे काहीतरी जाते. हे काहीतरी म्हणजे एक विषाणू असल्याचे पुढे निष्पन्न झाले. कमलताईंनी रोगप्रवणता वेगवेगळी असलेल्या वाणांच्या निरोगी स्तनग्रंथींची रचना ताडून पाहिली. रोग दिसण्यापूर्वीच ऊतींत फरक पडलेला असतो का, हा त्यामागचा प्रश्न. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू या तिन्हींचा कर्करोगाशी असलेला संबंध एकत्रितपणे पाहणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते ती या कामामुळे.

डॉक्टरेटनंतर खानोलकरांनी त्यांना परदेशी शिष्यवृत्तीसाठी प्रोत्साहन दिले आणि त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धन शिकायला गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी जगवण्याची ही विद्या तेव्हा शास्त्र कमी आणि हातोटी जास्त अशी होती. पेशींना खाऊ घालायचे द्रव कोंबडीच्या रक्तद्रवापासून आणि माणसाच्या नाळेतल्या रक्तापासून तयार करावे लागे. नळ्या सतत मंद फिरत राहाव्यात म्हणून गाय यांनी फिरता पिंप बनवला होता. एवढे करूनही माणसाच्या पेशी काही दिवसांत मरून जात. अपवाद ठरल्या त्या हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून १९५१ मध्ये काढलेल्या पेशी. त्यांची वाढ थांबेना. हेन्रिएटा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारल्या. ‘हेला’ या नावाने त्यांच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्या घेताना त्यांची संमती विचारली गेली नव्हती आणि कुटुंबाला ही गोष्ट कळायला दोन दशके लागली. विज्ञानाच्या या वैभवामागचा तो डाग आहे.

या पेशींचा नंतर हिशेब मांडला गेला तेव्हा ४६ हा आकडा कुठेच नव्हता. हेला पेशीत साधारण ७६ ते ८० गुणसूत्रे भरतात. काही गुणसूत्रांच्या तीन प्रती, काहींच्या चार, काही तुटून एकमेकांना जोडलेली, आणि एका पेशीचा आकडा शेजारच्या पेशीशी जुळेलच असे नाही. सीताफळाच्या पेशी मोजत शिकलेल्या कुणालाही हे दृश्य एखाद्या विस्कटलेल्या चोपडीसारखे वाटावे. गुणसूत्रांची संख्या अशी विषम होण्याला शास्त्रात ॲन्युप्लॉइडी म्हणतात. हा केवळ हेला पेशींचा विक्षिप्तपणा नाही. माणसाच्या घन गाठींपैकी बहुतेकींत असा बिघडलेला आकडा आढळतो.

कर्करोगाचे मूळ या बिघाडात असावे, असा तर्क जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ मध्येच मांडला होता. त्यांचा पुरावा समुद्री अर्चिन या काटेरी जलचराच्या अंड्यांतून आला होता. एका अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्या की गुणसूत्रांची वाटणी विस्कटते. बोव्हेरींनी पाहिले की अशा अंड्यांतून वाढणारे गर्भ बहुधा मरतात आणि ते कसे बिघडतील हे त्यांच्या वाट्याला कोणती गुणसूत्रे आली यावर ठरते. प्रत्येक गुणसूत्राचे काम निराळे असते, हे त्यातून सिद्ध झाले. माणसातला ठोस दाखला १९५९ मध्ये मिळाला. पॅरिसमध्ये मार्थ गोतिये, जेरोम लेझ्युन आणि रेमों त्युर्पाँ यांच्या संशोधनातून डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात हे उघड झाले. हे मानवी गुणसूत्रांपैकी सर्वांत लहान. त्यावर प्रथिने घडवणारी जनुके दोनशेच्या थोडी पुढे. म्हणूनच ते जास्तीचे असतानाही मूल जन्मते, वाढते, शाळेत जाते. १३ वे किंवा १८ वे जास्तीचे असलेली बालके जन्मली तरी बहुधा फार जगत नाहीत. उरलेल्या बहुतेक गुणसूत्रांची तिसरी प्रत गर्भाला जन्मापर्यंत पोचूच देत नाही.

जास्तीचे एक गुणसूत्र पेशीला इतके जड का व्हावे? घरातल्या पंगतीचा दाखला इथे उपयोगी पडेल. पाहुणे दुप्पट झाले आणि सुगरणीने सगळेच जिन्नस दुप्पट घेतले तर स्वयंपाक बिघडत नाही. वनस्पतींत असे संपूर्ण संच दुप्पट, तिप्पट झालेले सर्रास आढळतात आणि त्या सुखाने नांदतात. मात्र डाळ, पाणी, भाजी तेवढीच ठेवून केवळ मीठ दीडपट पडले तर आमटी तोंडात घालवत नाही. तिसरी प्रत आली की त्या गुणसूत्रावरच्या जनुकांचे काम सरासरी दीडपटीने वाढते, तर बाकीच्या जनुकांचे जिथल्या तिथे राहते. पेशीतली अनेक प्रथिने एकेकटी काम करत नाहीत. चार-पाच वेगवेगळी प्रथिने एकमेकांत अडकून एक यंत्र बनवतात. त्यांपैकी एकच जास्त तयार झाले तर त्याला जोडीदार मिळत नाही. जोडीदाराविना भटकणारे हे प्रथिन धड घडी न होता इतरांना चिकटते. मग त्याला सावरायला घडी घालणारी मदतनीस प्रथिने धावतात, सावरले नाही तर त्याचे तुकडे करणारी यंत्रणा कामाला लागते. या दोन्ही यंत्रणांची शक्ती मर्यादित असते. एका गुणसूत्राचा भार त्यांच्यावर पडला की रोजच्या कामासाठी त्या कमी पडू लागतात, पेशीची ऊर्जा अधिक खर्च होते आणि तिची वाढ मंदावते. उष्णता वाढली, अन्न घटले, तर अशी पेशी निरोगी पेशीच्या आधी कोलमडते. वरून गंमत अशी की कुठलेही गुणसूत्र जास्त असले तरी पेशीची ही धडपड बरीचशी सारखीच दिसते: विभाजनाशी संबंधित जनुके मंदावतात, संकटकाळी कामी येणारी जनुके जागी होतात.

हा उलगडा प्रयोगाने स्पष्ट झाला तो बराच उशिरा. अमेरिकेतील एमआयटीमध्ये अँजेलिका अमॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक गुणसूत्र जास्तीचे असलेले यीस्टचे वाण तयार केले आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. ते वाचायला कमलताई नव्हत्या. परंतु त्यातून जो पेच पुढे आला तो त्यांच्या आयुष्यभराच्या विषयाला थेट भिडतो. विषम संख्या पेशीला दुबळी करते, तर मग तीच विषमता अंगावर वागवणारी कर्कपेशी इतकी माजते कशी? याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. एवढे कळले आहे की जिची मोजणी एकदा चुकते ती पेशी पुढच्या प्रत्येक विभाजनात पुन्हा चुकण्याची शक्यता वाढते. हजारो चुकांतल्या बहुसंख्य पेशी मरतात, आणि त्यांतली एखादी नेमकी अशी निघते जिला आवर घालणारी जनुके गमावली गेली आहेत किंवा वाढीला चेव आणणारी जनुके दुणावली आहेत. ती तगते. तिच्यावरचा प्रथिनांचा भार मात्र कायम राहतो, आणि तोच भार वाढवून तिला मारता येईल का, या दिशेने औषधांचा शोध चालू आहे.

कमलताई बाल्टिमोरहून परतल्या तेव्हा मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची उभारणी होत होती. १९५२ मध्ये खानोलकरांच्या नेतृत्वाखाली ते परळला सुरू झाले. तिथे वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून रुजू होऊन त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली आणि तिच्याबरोबर ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळाही. अशी ही देशातली पहिली प्रयोगशाळा मानली जाते. तयार द्रावणे बाजारात मिळत नसलेल्या, उकाड्याच्या आणि दमट हवेच्या शहरात पेशींना बुरशीपासून वाचवणे हेच पुष्कळ झाले असते. त्यांनी त्यापुढे जाऊन या प्रयोगशाळेत माणसे घडवली. १९६० च्या दशकाच्या आरंभी कर्करोगनिर्मिती, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र असे स्वतंत्र विभाग त्यांनी सहकाऱ्यांसह सुरू केले. आज वाक्यात सोपे वाटणारे हे काम त्या काळी नव्या विषयांचा पाया घालण्याचे होते.

याच केंद्रातून आणखी एक अनपेक्षित फळ हाती आले. बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळवलेला जीवाणू प्रयोगशाळेत वाढवल्याचे जाहीर केले. कुष्ठरोगाचा जीवाणू कृत्रिमरीत्या वाढवणे जगात कोणालाच साधत नसल्याने यावर वाद झाला; वाढवलेला जीवाणू कुष्ठरोगाचाच की त्याचा भाऊबंद, ही शंका शिल्लक राहिली. तरी केंद्राच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जीवाणूपासून पुढे कुष्ठरोगावरची लस तयार झाली. १९६४ मध्ये कमलताईंना वैद्यक परिषदेचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार मिळाला, तसाच वातुमल प्रतिष्ठानचाही. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. त्याच १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन संस्था यांना टाटा मेमोरियल सेंटर या एका छत्राखाली आणण्यात आले. चार वर्षे संचालकपदाचा भार वाहूनही नावामागचे ‘प्रभारी’ सुटले नाही, हे नोंदवून पुढे जायला हवे.

आता पुन्हा त्या चंचीकडे. तंबाखू घातक, हे १९७० पर्यंत सर्वमान्य होऊ लागले होते. सुपारीचे मात्र तसे नव्हते. पूजेत, विडा देण्यात, लग्नाच्या सुपारी फोडण्यात तिला मानाचे स्थान. गोव्यात तर कुळागर हे घराच्या प्रतिष्ठेचे लक्षण. पानातला दोषी तंबाखूच, सुपारी बिचारी निरुपद्रवी, अशी समजूत रुग्णांचीच नव्हे तर पुष्कळ डॉक्टरांचीही होती. कमलताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोघींना वेगवेगळे करून तपासले. त्यासाठी निवडलेला प्राणी मोठा सयुक्तिक होता. हॅम्स्टरच्या गालात पिशवी असते आणि तो धान्य त्यात साठवून ठेवतो. म्हणजे तोबरा धरणाऱ्या माणसाच्या गालाची ती निसर्गदत्त प्रतिकृतीच. या गालपिशवीला सुपारीचे आणि तंबाखूचे अर्क लावण्यात आले, तर स्विस जातीच्या उंदरांना अर्क टोचण्यात आले. १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत एकट्या सुपारीच्या अर्कानेही प्राण्यांत गाठी निर्माण झाल्या. तंबाखूविना खाल्लेली सुपारीसुद्धा निर्दोष धरता येणार नाही, असे सांगणारा हा पुरावा घरच्याच प्रयोगशाळेतून आला होता.

सुपारीच्या या कृतीचा गुणसूत्रांशी संबंध कसा, हे नंतरच्या काळात एका अगदी साध्या चाचणीने दिसू लागले. तोबरा खाणाऱ्याच्या गालाच्या आतून लाकडी पट्टीने हलकेच पेशी खरवडायच्या, रंगवायच्या आणि पाहायच्या. निरोगी पेशीत एक गोल केंद्र दिसते. तोबरा खाणाऱ्यांच्या कित्येक पेशींत मुख्य केंद्राशेजारी एक चिमुकला ठिपकाही दिसतो. त्याला सूक्ष्मकेंद्र म्हणतात. विभाजनाच्या वेळी पेशी आपली गुणसूत्रे दुप्पट करून दोन्ही टोकांकडे ओढून घेते. या ओढाताणीत एखादे गुणसूत्र किंवा त्याचा तुटका तुकडा मागे राहिला, दोन्हींकडच्या केंद्रांत त्याला जागा मिळाली नाही, की तो असा बाजूला पडून राहतो. तो ठिपका म्हणजे चुकलेल्या मोजणीची खूण. गाठ, व्रण किंवा तोंड उघडता न येणे ही लक्षणे दिसण्याआधीच ती खूण पेशीत उमटलेली असू शकते, आणि तोबरा सुटला तर गालाचे अस्तर सतत नव्याने बनत असल्यामुळे ती हळूहळू कमीही होऊ शकते.

तंबाखू तोंडात न घालणाऱ्यांचाही एक वर्ग आहे, आणि तो निपाणीला भेटतो. निपाणीच्या वखारींत तंबाखू कुटणे, चाळणे, निवडणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केली. नाकातोंडाला पदर बांधून दिवसभर त्या धुळीत बसणाऱ्या या स्त्रिया १९८० च्या सुमारास संघटित झाल्या. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये माहितीपट केला. १९८१ मध्ये तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचे आंदोलन याच गावात पेटले होते. शेतकऱ्याच्या भावाची चर्चा देशभर झाली, वखारीतल्या बाईच्या मजुरीची त्यामानाने कमी, आणि तिच्या पेशींची तर कुणी केलीच नव्हती. १९९० च्या दशकात ते काम कमलताईंच्याच संस्थेतील पुढच्या पिढीच्या संशोधकांनी हाती घेतले. बिडी वळणाऱ्या आणि बिडीच्या तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या कामगारांच्या पेशी त्यांनी तपासल्या, आणि तंबाखूच्या संपर्कात न येणाऱ्या माणसांच्या तुलनेत त्यांच्या रक्तपेशींत गुणसूत्रांची मोडतोड अधिक असल्याचे नोंदवले. तंबाखूची धूळ श्वासातून आणि कातडीतून शरीरात जाते, एवढे कारण त्याला पुरेसे होते.

कमलताईंनी प्रयोगशाळेबाहेरही एक संस्था उभी केली. १९७३ मध्ये सहकारी स्त्रियांसह त्यांनी भारतीय स्त्री वैज्ञानिक संघटना स्थापन केली. विज्ञानात उतरलेल्या बायका पदवीपर्यंत येतात, मग लग्न, बदली, मूल यांत त्यांची वाट हरवते, हे त्यांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले होते. संघटनेने व्याख्यानांबरोबरच वसतिगृह आणि पाळणाघर अशा सोयींकडे लक्ष दिले, यात त्यांची व्यवहारी बुद्धी दिसते. भारत सरकारने १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले. त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत.

निवृत्तीनंतर त्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, आदिवासी पाड्यांत जाऊन काम करू लागल्या. तिथल्या सत्यनिकेतन संस्थेच्या सहकार्याने मुलांच्या कुपोषणाचा अभ्यास आणि खेड्यांतल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण, असे ते काम होते. आयुष्यभर अतिसूक्ष्म गोष्टी न्याहाळलेल्या या शास्त्रज्ञाने उतारवयात मुलांची वजने-उंची मोजण्याकडे वळावे, हे विसंगत वाटण्याचे कारण नाही. निरोगी म्हणजे किती, आणि त्यापासून ढळले म्हणजे किती, हाच हिशेब इथेही होता.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी संशोधन संस्थेचे स्थलांतर परळहून नवी मुंबईतील खारघरला झाले. २००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फ्रान्समधील लियों येथे तज्ज्ञांची बैठक बोलावून सुपारीविषयीचा जगभरचा पुरावा पुन्हा एकदा तपासला. त्यात रणदिवे आणि सहकाऱ्यांचा १९७६ चा निबंधही होता. तज्ज्ञांनी सुपारीला, तंबाखू नसतानाही, माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.